टाक्या मापणारा माणूस

हॅनॉक : मग त्याला टाक्या मापणाराच का केलास? फुजैराच्या बंदरावर तेलाच्या टाक्या मापणारा बेने इस्राएल ज्यू एकच, मी!

मोझेस : दादा, हळू. भिंती पातळ आहेत.

हॅनॉक : आता हळू? दिवाळी अंकात छापताना नाही सुचलं? तुझ्या गोष्टीतला तो नामर्द नोकरीच्या फॉर्मवर ‘ख्रिश्चन’ लिहितो, दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये गुडघे टेकतो, आणि आईला फोनवर सांगतो, शब्बाथ पाळला! सुट्टीवर अलिबागला गेलो, तर सगळे हात धुऊन माझ्या मागे.

मोझेस : गोष्ट आहे रे ती. मनची.

हॅनॉक : हे माझ्या होणाऱ्या सासऱ्याला, सिम्हाच्या बापाला सांग. रविवारी लग्नाआधी एलियाहू हनाबीच्या नावानं मलिद्याचं ताट मांडायचं होतं. पोहे भिजायच्या आधीच निरोप आला, लग्न मोडलं. सिनेगॉगचे प्रमुख, मुकादम, तोंडावर म्हणाले, धर्म विकून आलास. अरे, इथं कुणी धर्म विचारला तर मीही ‘इंडियन’ म्हणून गप्प बसतो. सगळेच बसतात. पण दुसऱ्याच्या देवापुढे खोटा बसलो नाही कधी!

मोझेस : ठाऊक आहे मला.

हॅनॉक : ठाऊक आहे ना? मग बस, लिही मुकादमांना. गोष्टीतला माणूस हॅनॉक नव्हे म्हणून.

मोझेस : मग कोण, असं विचारतील.

(दार वाजतं. मोझेसच्या शेजारच्या फ्लॅटमधला कॅस्मिर आत येतो.)

कॅस्मिर : अरे बाबा, अजून बनियनवर? यल्ला, चल लवकर! ग्रेसी बेबीला घेऊन टॅक्सीत बसलीय. फादर टाइमाचे पक्के हां. आणि हे कोण?

मोझेस : माझा चुलतभाऊ.

कॅस्मिर : मग तुम्ही पण चला ना! आज आमच्या करेनचा बाप्तिस्मा, आणि गॉडफादर कोण, तर हा! फादर ह्याच्या गावच्या पॅरिशचे पेपर मागत होते. मी बोललो, फादर, तीन वर्षं माझ्या बाजूला गुडघे टेकतोय, ह्याची गॅरंटी माझी.

हॅनॉक : तीन वर्षं?

कॅस्मिर : एक पण फ्रायडेची मिस्सा चुकवली नाय.

हॅनॉक : मोझेस?

मोझेस : हो दादा. मीच तो. माझ्यासारखा क्लार्क लिहिला असता तर मला ओळखलं असतं, म्हणून तुझं काम दिलं त्याला. माझी लाज तुझ्या अंगावर घातली.

हॅनॉक : माझं लग्न गेलं रे.

मोझेस : आजच लिहितो पत्र, माझ्या नावानिशी. घरी माझ्या बाबांनाही कळू दे.

कॅस्मिर : क्या हुआ? कसलं पत्र?

मोझेस : कॅस्मिर, मी ख्रिश्चन नाही. आम्ही ज्यू. नोकरी मिळावी म्हणून फॉर्मवर खोटं लिहिलं, मग तू चर्चला नेलंस, आणि मला नाही म्हणवलं नाही. करेनला दुसरा गॉडफादर बघ.

कॅस्मिर : एका ताटात जेवलो आपण. मला सांगितलं असतंस, तर मी काय केलं असतं?

मोझेस : काहीच नाही, तसाच जेवला असतास. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.