एकोणीस मिनिटांच्या अंतरानं पडलेली सात मतं

मी मतयंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात आराखडा विभागाचा प्रमुख. वय सेहेचाळीस, धंदा नोकरी, राहणार कारखान्याच्या वसाहतीत, घरी पत्नी आणि सासूबाई. आज सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मतदानाच्या दिवशी शाळेतल्या केंद्रावर वहीत एकशे पाच सह्या आणि मशीनमध्ये एकशे बारा मतं निघाली. त्यावरून केंद्रप्रमुख बाईंवर बोगस मतदानाची तक्रार आहे. बाई त्याच शाळेत शिवणकाम शिकवतात. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. मशीनमधली वेळांची नोंद वाचून द्यायला मला बोलावलं आहे.

नोंद अशी. दुपारी एक बावन्नला एक मत. मग दोन अकरा, दोन तीस, दोन एकोणपन्नास, तीन आठ, तीन सत्तावीस, तीन सेहेचाळीस आणि चार वाजून पाच. यातलं पहिलं सोडून बाकी सात मतांपुढे वहीत सही नाही. ती बरोबर एकोणीस मिनिटांच्या अंतरानं पडली आहेत. नोंद पाहताच मी कपाळाला हात लावला.

वीस मिनिटं मत पडलं नाही, तर मतदान संपलं असं धरून आमचं मशीन बंद होतं आणि त्या दिवशी पुन्हा उघडत नाही. लोकांना पळवून लावून रिकाम्या केंद्रात कोणी हात साफ करू नये, म्हणून हा नियम मी घातला. चाचणीला कारखान्यातलेच चाळीस जण रांगेत फिरवले होते. रांग एकदाही तुटली नाही. दुपारी केंद्रावर चिटपाखरूही नसतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी स्वतः सकाळी सातला मत देऊन कामावर जातो, तेव्हा रांगच असते. नमुना घरी आणला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, जावईबापू, हे तर माझ्याच वळणाचं, जरा निवांत मिळालं की डोळा लागतो. आम्ही सगळे हसलो. हे जबाबात कामाचं नाही असं इथल्या पोलीस साहेबांचं म्हणणं पडलं. मी हट्ट धरला म्हणून लिहून घेतलं आहे.

दोन वाजून तीन मिनिटांनी बाईंचा मदतीच्या नंबरवर फोन आला. तो मीच घेतला. मशीनवर उलटे आकडे पडतायत, नऊ मिनिटं उरलीत, म्हणाल्या. सूतगिरणीची बस पाळी सुटल्यावर चारनंतर येईल, अडतीस जण मत द्यायचे राहिलेत, तोवर काय करू, असं त्यांनी विचारलं. आणखी सहा फोन खोळंबले होते. मी म्हणालो, "बाई, काहीही करा, पण मशीन बंद पडू देऊ नका." आणि फोन ठेवला.

बस चार वीसला आली. अडतीसच्या अडतीस मतं पडली.

सातही वेळा आपण 'कोणीही नको' हेच बटण दाबलं, असं बाई सांगतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण कुठलं मत कुणाला गेलं हे मशीन सांगत नाही, आणि लहान केंद्रांची मतं एकत्र मिसळूनच मोजली जातात. मत गुप्त राहावं म्हणून ही सोयही मीच केली. त्यामुळे मला ते दाखवून देता येत नाही.

मत टाका असं मी सांगितलं का, असं साहेबांनी विचारलं. नाही. मत टाकण्यावाचून मशीन चालू ठेवायला दुसरा उपाय नव्हता, हे मी आपणहून सांगितलं. ते कोर्टात सांगा, असं ते म्हणाले. नोंद खरी आहे का, असं विचारल्यावर खरी आहे म्हणालो. माझी सही झाली की बाईंना ताब्यात घेणार आहेत.

बाई बाहेर बाकावर बसल्या आहेत. मी आत येताना त्या उठल्या. मी दारावर नाव सांगितलं, तेव्हा फोनवरच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं झालं. आता मी सुटले."

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच लिहिला आहे. पुन्हा एकदा वाचायला लावला. खोडावं असं एकही वाक्य मला सापडलं नाही.