निरगाठ

बाळा : ही शिडाची दोरी कापूनच टाकतो ना वहिनी. खालून सुरी मारली की झालं.

जानकी : आणि वरचा शिडाचा बांबू डोक्यात घेऊ? शिवाय दोरी कापली तर नवी वर कोण नेणार?

बाळा : मी चढतो डोलकाठीवर.

जानकी : एवढीशी नाव, कलंडेल. जुनीच्या टोकाला नवीचं टोक शिवायचं आणि जुनी ओढायची. नवी तिच्यामागून कप्पीतून फिरून येते. तुझे दादा असंच करायचे.

बाळा : दादाचं दादाबरोबर गेलं.

जानकी : म्हणून आता आपण करायचं. भरती भरली की शेजारचा सीताराम येईल नाव मागून न्यायला. बायकोला, चंपाला घेऊन खाडीपलीकडे जाणार तो. असल्या दोरीवर देऊ त्यांना नाव? बघ, हात लाव. सुतळीसारखी विरलीय.

बाळा : मला नाही लावायचा हात.

जानकी : त्यांना जाऊन तीन महिने झाले बाळा. आज पहिल्यांदा आलास गोराईच्या खाडीवर, तेही मी ओढून आणलं म्हणून.

बाळा : कंपनीतून सुटून अंधेरीहून यायचं म्हणजे...

जानकी : रविवारी पण कंपनी? सरक जरा. ही खाली डोलकाठीला गाठ कसली मारलीय?

बाळा : गाठच आहे. दुसरं काय असणार?

जानकी : शिडाच्या दोरीला सुरगाठ मारतात. एक टोक ओढलं की सुटते. ही निरगाठ आहे.

बाळा : ताण बसून झाली असेल तशी.

जानकी : सुरगाठीची निरगाठ होत नाही रे. संपात गिरणी सुटली, तेव्हा ह्यांनी ही नाव घेतली. पहिल्या दिवशी मला एवढंच शिकवलं होतं. बाळा, तू सगळ्यांना सांगितलंस, त्या दिवशी दोरी वर कप्पीत अडकली म्हणून शीड उतरलं नाही. माझ्याकडे बघ.

(बाळा नावेच्या काठावर बसतो.)

बाळा : ओली दोरी सारखी सरकत होती. शीड चढवावं, की हातभर खाली. पाच-सहा वेळा झालं. हात सोलले माझे. दादा मागे सुकाणूवर होता. त्याला न विचारता मारली निरगाठ. म्हटलं, किनाऱ्याला लागल्यावर सोडवू. मग वारा फिरला. दादा ओरडला, "सोड!" मी नखं लावली, दात लावले. सुटेना. "सोड रे बाळा!" त्याला वाटलं, मी घाबरून धरून बसलोय. शेवटी सुकाणू टाकून तोच पुढे आला.

जानकी : गाठ बघितली त्यांनी?

बाळा : बघितली.

जानकी : काय म्हणाले?

बाळा : काही नाही. माझ्याकडे बघितलं फक्त. तेवढ्यात नाव आडवी झाली.

(जानकी गाठीवर हात ठेवते.)

बाळा : कंपनीत मशीनचा पट्टा घसरला की ऐकू येतं, "सोड". फोरमन ओरडतो, बूट घालून ये. मी चपलाच घालतो. नाडी बांधवत नाही वहिनी. डब्याचं फडकंसुद्धा नाही.

जानकी : ते मला दिसत होतं. मला वाटलं, दुःखाने.

बाळा : बोल काहीतरी. मार मला.

जानकी : ही नवी दोरी ह्यांनीच आणलेली. गणपतीआधी. मी चाळीत दारासमोर बांधली, कपडे वाळत घालायला. त्या सकाळी मागत होते, आज बदलतो म्हणाले. मी म्हटलं, ओल्या चादरी आहेत, उद्या न्या. अजून चादर झटकली की वाटतं, मागे उभे आहेत. दोरी मागतायत.

बाळा : म्हणजे आपण दोघंही...

जानकी : नाही. माझं मी बघेन. तुझं त्यात मिसळू नकोस. मला राग आलाय तुझा. गाठीचा नाही रे. तीन महिने खोटं सांगून माझ्या हातचं जेवत होतास, त्याचा.

बाळा : जाऊ मी?

जानकी : कुठे जातोस? पाणी चढतंय. शीव आधी टोक. हा घे दाभण.

बाळा : ... शिवलं.

जानकी : आता गाठ. सुरी ठेव. हा खिळा घाल मधे.

बाळा : घातला. हलत नाही.

जानकी : दाब अजून. मी वरून दोरी धरलीय, बांबू पडणार नाही. हळू.

बाळा : हलली.

जानकी : थांबू नकोस.

बाळा : सुटली. वहिनी, सुटली गं!

जानकी : मग धर माझ्याबरोबर. सोडत जा, थोडी थोडी.

बाळा : बांबू उतरतोय. एवढा सहज उतरतोय.

जानकी : कप्पीला काही झालंच नव्हतं.

बाळा : आई रोज विचारते, कप्पी कशी अडकली रे, माझ्या मधूने तर तेल घातलं होतं. मी म्हणतो, गंजली असेल.

जानकी : आज घरी गेलास की खरं सांग.

बाळा : तू सांगशील?

जानकी : नाही. ते तुलाच सांगावं लागेल. मी आईंजवळ बसून राहीन.