‘थांब’ म्हणणारं प्रथिन

सोलापुरातल्या एका दवाखान्यात गाठ दाखवायला आलेल्या मुक्ताबाई नंबराची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर माढ्याकडचे बहीणभाऊ बसले होते. भावाच्या पायाच्या हाडाचं कॅन्सरमुळे ऑपरेशन झालं होतं. त्याच्या जनुक-तपासणीचा रिपोर्ट बहिणीच्या हातात होता.

"वाच की अपेक्षा. काय लिवलंय?"

"आईला होता तोच दोष तुझ्यातबी हाय, दादा."

"म्हंजी नेमकं काय?"

"आपल्या पेशीत एक प्रथिन असतंय. ते डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन चिकटतंय आन तितले जनुक चालू करतंय. मग बिघडलेली पेशी वाढायची थांबती."

"आन माझं?"

"तुझ्यात हेच प्रथिन बरंचसं चुकीच्या आकाराचं बनतंय. ते नीट चिकटत न्हाय. पेशीला थांब म्हणणारं कुणी ऱ्हात न्हाय."

"एवढ्याशानं आई गेली?"

"व्हय."

"तुझा रिपोर्ट?"

"माझा चांगला आलाय."

"लई बरं झालं. मग रडती कशाला?"

बहिणीनं रिपोर्टची घडी घातली. मुक्ताबाईंनी मान दुसरीकडे वळवली.

"अपेक्षा, माझ्या पायलला पण असंल का गं?"

"असंल किंवा नसंल. निम्मी निम्मी शक्यता हाय. रक्त तपासाय लागंल."

"चार वर्साची हाय ती. सुई बघितली की माझ्याच मागं लपती."

"मी घेते तिला मांडीवर. तू बाहेर थांब."

"नगं. मीच घेतो. माझ्याकडनंच आलं असंल, तर मी बाहेर कसा थांबू?"