आडवा बसलेला सासरा

भांडण मी काढलं म्हणतो व्हय माझा पोरगा? आरं, त्यो हुता का इमानात? नामा, तू माझा जुना दोस्त, तूच ऐक. सुनेला आन तीन म्हयन्याच्या नातीला घिऊन मी बेंगळुराला येत हुतो. इमान खाली उतराय लागलं आन नातीनं टाहो फोडला. म्होरचा गडी दोनदा मागं वळला. म्हणलं, "काय बघतोस? तू काय मोठाच जन्मलास?" इमानातली पोरगी इचारपूस कराय आली, तिच्यावर बी खेकसलो. सून आपली मान खाली घालून नातीला नुसती थोपटत हुती.

तवा शेजारच्या रांगेतली म्हातारी, हितं बेंगळुरातच जुनी झालेली मराठी बाई, हळूच म्हणाली, "अण्णा, कान दुखतात लेकराचे. पाजलं की राहील. तुम्ही स्वल्प, थोडं तोंड फिरवा की. सासऱ्यासमोर पाजणार कशी ती?"

मी तोंड फिरवलं. नात घटकंत गप झाली.

अख्ख्या इमानावर वरडलो, आन आडवा मीच बसलो हुतो. चार दिस झालं, सुनेम्होरं उभं ऱ्हावत न्हाई. नामा, मोबाईल काढ. आबा चुकला म्हण तिला. आत्ता लाव.