कुंडीत सोडलेली गांडुळं

फुशारकी मारली की काय होतं, ते माझ्याकडून ऐका. "तुम्ही लावा गळाला खरी गांडुळं, मला गरज नाही," असं मी पूर्णा गावातल्या आमच्या गोदामात सोबत काम करणाऱ्या मित्रांना सांगून बसलो होतो. कारण मऊ प्लास्टिकची गांडुळं घरीच बनवायचं सामान आणलं होतं. ॲल्युमिनियमचा साचा आणि त्यात गरम प्लास्टिक भरायची जाडजूड पिचकारी.

बायको म्हणाली, "माझ्या ओव्हनमध्ये प्लास्टिक तापवलंस, तर जेवणही तूच बनव."

मग एक जुना ओव्हन आणून गॅलरीत ठेवला. पहिल्या दोन खेपा बुडबुड्यांनी वाया गेल्या. तिसऱ्या वेळी मात्र बारा गांडुळं अशी हुबेहूब निघाली की मीच दचकलो. ती गॅलरीतच ताटलीत गार करत ठेवली आणि ड्युटीवर गेलो.

रविवारी वज्रेश्वरीला नदीवर जायचं. मित्र खाली हॉर्न वाजवतायत आणि ताटली रिकामी! मोतीबिंदू दाखवायला गावाहून बाबा आले होते. त्यांना विचारलं.

"अरं, उन्हात ठेवून गेलास. मेली असती ना! मी कुंडीत ओल्या मातीत सोडली. दोन दिस पाणी मारतोय."

जन्मभर गांडुळं लावून मासे धरलेला माणूस फसला! मी खूश.

"बाबा, ती प्लास्टिकची आहेत. मी बनवलीत."

बाबांनी कुंडीतलं एक काढून बोटांत दाबून बघितलं.

"तरीच! दोन दिस जागचं एक हाललं न्हाय. मला वाटलं, तुझ्यावर गेलीत."