सशाची डावी दाढ

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर टोपलीत ससा होता.

"दिसतोय तर ठणठणीत. काय झालंय त्याला?"

"दाढ वाढलीय. सासऱ्यांनी ओळखलं."

"ते कसं काय?"

"पिंजरा तेच झाडतात ना. म्हणाले, कालपर्यंत लेंड्या हरभऱ्याएवढ्या होत्या, आज मिरीएवढ्या आहेत, म्हणजे पोटात कमी जातंय. मग पाला दिला आणि त्याच्या गालांवर बोटं ठेवून बसले. म्हणाले, हा डावीकडे चावतच नाही."

"बाई गं! आणि डॉक्टर?"

"बत्ती लावून बघितलं, तर डावीकडचीच दाढ! आता घासायला थांबलोय."

"सासऱ्यांचे डोळे भलतेच तेज हो!"

"डोळे जाऊन अकरा वर्षं झाली. ससा कुठल्या रंगाचा, ते परवा मलाच विचारत होते."