शेजारच्या जिनातली घंटा

मुलांनो, यमुनाअक्का आपल्या गल्लीच्या टोकाला राहते. दोंडाईच्याच्या कापसाच्या जिनात तिचं आयुष्य गेलं. तुमच्याकडे शाळेत आगीची घंटा वाजवून सगळ्यांना बाहेर काढतात, तसं इथे कधी होतं का, असं तुम्ही विचारलं होतं. मला सांगता येईना, म्हणून तिलाच ओसरीवर बसवून घेतलं. तिची अहिराणी तुम्हाला कळेल इतकी मी सोपी केली आहे. बाकी बोलणं तिचं.

माझं माहेर तापीच्या अंगाचं, बाई, शिरपूरकडचं, थोडी जिराईत होती, तिच्यात काय पिकायचं आणि काय खायचं, म्हणून दसरा झाला की आई जिनात जायची, रेच्यावर. रेचा म्हणजे काय ते नातवंडांना नीट सांगा हं, कापसातली सरकी वेगळी करायचं यंत्र, त्याच्यापुढे ओट्यावर बसायचं आणि ओंजळी ओंजळीनं कापूस टाकत राहायचं, सकाळचा भोंगा झाला की दिवे लागेपर्यंत, नाकात रुई, डोळ्यांत रुई, केस तर असे पांढरे की पोरीसुद्धा म्हाताऱ्या दिसायच्या. आणि दाराला बाहेरून अडसर. का, तर बायका ओच्यात कापूस घालून नेतात म्हणे. एक दिवस कापसात लोखंडाचा तुकडा आला, रेच्यात ठिणगी पडली. काय सांगू तुम्हाला, कापसाची आग जळत नाही, ती पळते, या भिंतीवरून त्या भिंतीवर, हवेत तरंगत्या रुईला धरून पळते. आतून बायकांनी दार बडवलं, आणि बाहेर पहारेकरी बसलेला, त्याला वाटलं रेचेच धडधडताहेत, रोजच धडधडतात. आई त्यात गेली. मी तेव्हा परकर नेसायची.

मग लग्न होऊन दोंडाईच्याला आले. नवरा गाडीवान होता, चांगला होता, तापाच्या साथीत गेला, कडेवर लेक कमळा. काय करणार, ज्या रेच्यानं आई नेली त्याच रेच्यावर जाऊन बसले, दुसरं काम होतं कुठे. पुढे बायकांची मुकादमीण झाले, कमळाही मोठी झाली, तीही रेच्यावर आली, तिला मुलगी झाली तर ती मुलगी तिथेच कडेच्या खांबाला झोळीत. सगळ्याच लेकुरवाळ्यांच्या झोळ्या असायच्या. आणि दाराला अडसर तसाच. मी रोज त्या अडसराकडे बघून आत जायची. आमचे मुनीम नाना, म्हणजे शेठजींचा उजवा हात, त्यांना मी म्हटलं, नाना, एवढा अडसर काढा हो. तर म्हणाले, अक्का, तुझ्या बायकांचे ओचे शिवून घे, मग काढतो. मी म्हटलं, नाना, तुमच्या कोटाचे खिसे आधी शिवा. बायका हसल्या, नानाही हसले, पण अडसर काही निघाला नाही.

मग मुंबईहून विमा कंपनीचा साहेब आला. पारशी होता, उंच, डोक्यावर काळी टोपी, बोलताना प्रत्येकाकडे वळून बघायचा. त्यानं साऱ्या जिनात फिरून विचारलं, आगीला सर्वांत जवळ कोण असतं? शेठ म्हणाले, पहारेकरी. साहेब म्हणाला, पहारेकरी तर बाहेर हाय. मग जो तो आमच्याकडे बघायला लागला. साहेब म्हणाला, या बायांचा मुखिया कोण? त्याला जळगावला पाठवा, शिकायला. शेठ म्हणाले, बाई आहे ती. साहेब म्हणाला, हां, मी पाहिला.

गावभर झालं. विहिरीवर बाया म्हणायच्या, काय वं अक्का, म्हातारपणमां शाळामां जाई ऱ्हायनी का? मी म्हणायची, हो, तू पाटी घेऊन ये. आगगाडी मी रोज ऐकायची, बसले पहिल्यांदा तेव्हा. नाना बरोबर होते, ते एका टोकाला, मी एका टोकाला, मध्ये त्यांची पडशी.

जळगावला एका जिनाच्या मोकळ्या वखारीत त्याच साहेबाची शिकवणी होती. अमळनेरचे, चोपड्याचे, धुळ्याचे, धरणगावचे, कुठकुठचे लोक, कोणी फिटर, कोणी मुकादम, कोणी इंजिनवाला, आणि बाई मी एकटी. आता गंमत ऐका, कोणी कोणाशी बोलेना. एकाच कापसावर सगळ्या शेठांचा डोळा, मग त्यांच्या माणसांनीही एकमेकांत बोलायचं नाही, अशी रीतच होती. आपापलं टोळकं करून बसले, जसे काही रुसलेले व्याही. आमच्या जिनासमोर रस्त्यापलीकडे दुसरं जिन, तिथले हुसेनमिस्तरी आले होते. त्यांना मी वर्षानुवर्षं समोरून येता-जाता बघत होते, पण आमच्या शेठचं आणि त्यांच्या शेठचं कोर्टात चाललेलं, म्हणून शब्द नव्हता.

साहेबानं मधोमध टेबलावर काचेच्या बरण्या मांडल्या. मी म्हटलं, हे काय, लोणचं घालतो की काय. बरणीत नवसागराचं पाणी, त्यात एक काळी कांडी, एक जस्ताची, त्यांना तारा. ती तार नेली पार वखारीच्या त्या टोकाला, तिथे भिंतीवर घंटा. साहेब म्हणाला, बाई, या, दाबा. मी या टोकाला बोट ठेवलं आणि बाई, त्या टोकाला घंटा वाजली. मध्ये कोणी नाही, दोरी नाही, काही हललं नाही. मी बोट काढलं, थांबली. ठेवलं, वाजली. मनात आलं, माझ्या आईच्या हाताजवळ हे एवढंसं बटण असतं तर. माझं बोट तिथून निघेचना, शेवटी साहेब म्हणाला, बस बाई, पोरं शाळा सुटली समजतील.

मग तो खाली बसला, आमच्यासारखाच, जमिनीवर, आणि म्हणाला, आता प्रत्येकानं आपण पाहिलेली आग सांगायची. आधी चोपड्याचा एक म्हातारा बोलला, मग धुळ्याचा, मग एकामागून एक. बघता बघता टोळकी मोडली, माणसं सरकत सरकत जवळ आली. मी आईचं सांगितलं. दार बडवल्याचं सांगितलं. तेव्हा हुसेनमिस्तरींनी विचारलं, अक्का, तुमच्याकडे अजून बाहेरून अडसर आहे? मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, मग तुमची घंटा वाजली आणि पहारेकरी चिलीम भरायला गेलेला असला तर? मिस्तरीच म्हणाले, एक तार आमच्याकडे टाका, आमची एक तुमच्याकडे टाकतो. तुमची आग आमच्या अंगणात वाजेल. साहेबानं एकदम मांडीवर थाप मारली, म्हणाला, आ खरा शिक्षण!

जाताना साहेबानं सर्वांना एकच बजावलं, घंटी देव नाय, नोकर हाय, तिला रोज सकाळी काम सांगायचा.

शेठजींना तार पटवायला फार दिवस गेले. म्हणाले, त्याची घंटा माझ्या जिनात? आज घंटा येईल, उद्या तो येईल. नाना म्हणाले, शेठ, विम्याचा साहेब खूश राहील. मग कुठे हो म्हणाले, पण पलीकडच्यांचा एकही माणूस फाटकाच्या आत पाय ठेवणार नाही या अटीवर. तारा पडल्या. आमची घंटा पहारेकऱ्याच्या डोक्यावर, आणि आमच्याच तारेची दुसरी घंटा रस्त्यापलीकडे त्यांच्या इंजिनघराच्या भिंतीला. रोज सकाळी मी बटण दाबायची, इथे वाजायची, आणि तिकडून मिस्तरी फाटकात येऊन हात वर करायचे, म्हणजे तिकडेही वाजली. बायकांना वेडच लागलं होतं त्याचं. लांबून हात वर झाला की सगळ्या म्हणायच्या, पोचनी वं माय, पोचनी!

मग दसरा आला. तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे दसऱ्याला सगळी यंत्रं धुऊन पुसून पुजतात, रेच्यांना गंध, इंजिनाला नारळ, आणि त्या वर्षी नवी आलेली म्हणून घंटेचा मान पहिला. नानांनी स्वतः पूजा केली, कुंकू लावलं, झेंडूचा जाड हार घातला, वर लाल नाडा बांधला, चांगला घट्ट, तीन-चार वेढे. तो हार हंगामाचा मुहूर्त झाल्याशिवाय काढायचा नाही, तोवर पुजलेल्या वस्तूला कामाला लावायचं नाही. मुहूर्ताच्या सकाळी मी बटणाकडे निघाले तर नाना आडवे आले, अक्का, काय करतेस? म्हटलं, घंटा बघते. म्हणाले, आज, मुहूर्ताला, आगीची घंटा वाजवतेस? शुभ बोल काही. म्हटलं, नाना, साहेबानं रोज सांगितलंय. म्हणाले, साहेबाच्या घरी दसरा नसतो. मी मागे फिरले. मलाही मनातून ते अवघडच वाटत होतं, नव्या हंगामाच्या तोंडावर आगीचा आवाज. शेठ आले, नारळ फुटला, पेढे वाटले, भोंगा झाला, रेचे सुरू झाले. दाराला अडसर पडला, घंटेचा हार तसाच राहिला.

ऊन डोक्यावर आलं असेल नसेल, पलीकडच्या रांगेतून एक बाई ओरडली, आग लागनी वं! बठ्ठ्या बाहेर निंघा! बघते तर शेवटच्या रेच्यापाशी जाळ, आणि तो निघाला पळत, माझ्या आईच्या वेळी निघाला असेल तसाच. कमळा त्याच रांगेत. झोळी त्याच खांबाला. मी बटणाकडे धावले, बोट ठेवलं, जीव खाऊन दाबलं. बाई, वाजेचना. बाहेरून नुसतं घुर्रर्र असं काहीतरी, माशी कोंडल्यासारखं. नाड्याचे वेढे घंटेच्या टोल्याभोवती बसलेले, वरून हार, घंटा मुकी. आणि बायका दार बडवायला लागल्या, आणि रेचे धडधडत होते. मला आई दिसली, खोटं नाही सांगत, अशी समोर दिसली. कमळानं पोरीला पदरात गुंडाळून माझ्याकडे आणलं, म्हणाली, माय, काय करू? मी म्हटलं, इथेच उभी राहा माझ्याजवळ. आणि मी बोट काढलं नाही. का काढलं नाही ते मला आजही सांगता येत नाही. वाजत नव्हती हे कानांना कळत होतं, बोटाला पटत नव्हतं.

पण ती वाजत होती, बाई. रस्त्यापलीकडे वाजत होती. तिकडची ती घंटा परक्या जिनाची, तिला कोण गंध लावणार, तिला कोण हार घालणार? दसऱ्याला त्यांनी आपलं सगळं पुजलं आणि आमचीच तेवढी धुळीत तशीच राहिली, म्हणून ती मोकळी होती, आणि ती अशी कडाडली की हुसेनमिस्तरी जेवत होते ते उष्ट्या हातानं उठले. त्यांच्यामागे त्यांचे हमाल, त्यांचे इंजिनाला कोळसा घालणारे आगवाले, बादल्या घेऊन सारे. आमच्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं, शेठांचा हुकूम म्हणून. मिस्तरींनी त्याला बाजूला सारलं, म्हणाले, मागून तुझ्या शेठला माझं नाव सांग.

अडसर काढून फेकल्याचा आवाज मी ऐकला. दार उघडलं, उजेड आला, आणि त्या उजेडात ज्यांनी आमच्या जिनात आजवर पाय ठेवला नव्हता ती माणसं आत शिरत होती, धुरात, कोणाच्या कोण बायका, कोणाची कोण पोरं, उचलून उचलून बाहेर ठेवत होती. मी पाहतच राहिले. जळगावला बोटानं घंटा वाजली त्याचं मला एवढं नवल वाटलं होतं, पण हे त्याच्याहून मोठं होतं. तार लोखंडाची, तांब्याची असेल, पण त्या टोकाला हात धुवायलाही न थांबता धावणारा माणूस बांधलेला होता. कमळाचा हात भाजला, पुष्कळ बायकांचे केस जळाले. पण सगळ्या बाहेर आल्या. झोळीतली सगळी आली. मी मोजलं नाही, प्रत्येक आई आपापलं छातीशी धरून बसलेली दिसली, तेवढं पुरलं.

कापूस गेला, छप्पर गेलं. नाना घंटेजवळ उभे राहून नाडा सोडत होते आणि रडत होते. त्यांनी तो भक्तीनंच बांधला होता. शेठजी आले, सगळं बघितलं, आणि तो अडसर त्यांनी स्वतः उचलून जाळात टाकला. मिस्तरींना म्हणाले, आत या, पाणी घ्या. मिस्तरी म्हणाले, आतच आहे शेठजी.

पुढच्या वर्षी जळगावला आम्ही दोघं गेलो ते शिकायला नाही, शिकवायला. नाड्याची गोष्ट सांगितली तर निम्मे लोक खाली बघायला लागले, त्यांच्याही घंटांना हार होते ना. मग दरवर्षी हंगामाआधी सगळ्या जिनांचे घंटेवाले जमायचे, एकदा धुळ्याला, एकदा अमळनेरला, आपापल्या भाकरी बांधून. शेठ लोक कोर्टात भांडायचे ते भांडायचेच, आम्ही मात्र एकमेकांच्या तारा बघून द्यायचो. रेच्यावर बसणाऱ्या बायकांना आणायला मी सांगितलं, तर हळूहळू बायका यायला लागल्या.

आता माझ्यानं होत नाही. बटणाचं काम कमळा बघते. यंदा स्वराज्य आलं, जिनावर झेंडा लागला, आणि काही लोक हुसेनमिस्तरींना विचारायला लागले, तुम्ही जाणार का तिकडे? मिस्तरींना हल्ली अजिबात ऐकू येत नाही, त्यांनी मलाच खुणेनं विचारलं, काय म्हणतात? मी खुणेनंच सांगितलं. ते म्हणाले, सकाळी हात कोण वर करील मग?

सुखी राहोत तुमची नातवंडं, बाई. जिथे असतील तिथे त्यांची हाक रस्त्यापलीकडे पोचो, आणि पलीकडच्याची यांना ऐकू येवो. आमच्याकडे रोज सकाळी कमळा बटण दाबते. मिस्तरी इंजिनघराच्या भिंतीला घंटेशेजारी तळहात लावून उभे असतात, डोळे मिटून. भिंत थरथरते ती त्यांना हाताला कळते. मग फाटकात येतात आणि हात वर करतात.